बॉक्स जॉइंट जिग

बॉक्स जॉइंट जिग हे टेबल सॉ या यंत्रावर लाकडी फळ्यांच्या टोकांना समान रुंदीच्या आणि समान अंतरावरच्या खाचा पाडण्यासाठी वापरले जाणारे मार्गदर्शक साधन आहे. या खाचांमुळे फळीच्या टोकाशी हाताच्या बोटांसारखे चौकोनी दाते तयार होतात. दोन फळ्यांची अशी टोके काटकोनात एकमेकांत बसवली म्हणजे बॉक्स जॉइंट किंवा बोटसांधा तयार होतो. दागिन्यांच्या पेट्या, टेबलांचे खण, अवजारांची खोकी आणि लहान कपाटे यांच्या कोपऱ्यांसाठी हा सांधा वापरतात. बाजारात तयार जिग मिळतात. तथापि प्लायवूडचे तुकडे, कठीण लाकडाच्या पट्ट्या आणि थोडे नटबोल्ट यांपासून तो कार्यशाळेत बनवण्याची पद्धत अधिक रूढ आहे. या लेखातील ‘बोट’ हा शब्द सांध्याच्या दात्यासाठी वापरला आहे.

पार्श्वभूमी

पेटीचे कोपरे जोडण्यासाठी हाताने काम करणारे सुतार पूर्वीपासून डव्हटेल, म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा तिरका सांधा, वापरत आले आहेत. तो आखून करवतीने आणि पटाशीने कोरावा लागतो. बोटसांध्यातील सर्व कडा सरळ व समांतर असल्याने तो यंत्राला अधिक सोयीचा आहे. गोल करवतीचा उल्लेख इंग्लंडमधील सॅम्युएल मिलर यांना १७७७ मध्ये मिळालेल्या पेटंटात आढळतो. पुढे यंत्रचालित करवतींचा प्रसार झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मालाची लाकडी खोकी मोठ्या प्रमाणावर बनू लागली, तेव्हा हा सांधा कारखान्यांत रुळला.

घरगुती कार्यशाळांत त्याचा प्रसार प्रामुख्याने उत्तर अमेरिकेत झाला. तेथे टेबल सॉ हे छंद म्हणून सुतारकाम करणाऱ्यांचे मध्यवर्ती यंत्र आहे. त्याच्या लोखंडी मेजावर पात्याला समांतर अशा दोन खोबणी असतात. अमेरिकी यंत्रांत त्यांची रुंदी सामान्यतः पाऊण इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर (मिमी) असते. मूळचा उपयोग मायटर गेज सरकवण्यासाठी असलेल्या या खोबणी घरगुती जिगचा पाया ठरल्या.

सांध्याचे बळ

लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेने धावतात. फळीच्या टोकाला हे तंतू आडवे कापले गेलेले असतात. तेथे लावलेला सरस उघड्या तंतुनलिकांत शोषला जातो आणि जोड कमकुवत राहतो. तंतूंच्या बाजूने असलेल्या पृष्ठभागांवर मात्र सरस उत्तम पकड घेतो. बोटांच्या बाजू नेमक्या अशा पृष्ठभागांच्या असतात. बोटसांध्याचे बळ त्यांतून येते.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होते. १२ मिमी जाड आणि १०२ मिमी रुंद अशा दोन फळ्या टोकाला टोक लावून जोडल्यास सरसाचे क्षेत्र १०२ × १२ = १,२२४ चौरस मिमी भरते आणि त्यात एका फळीचे आडवे कापलेले टोक येते. याच फळ्यांना ६ मिमी रुंदीची बोटे पाडली, तर दोन्ही फळ्यांवर मिळून १७ बोटे होतात आणि त्यांच्या दरम्यान १६ स्पर्शपृष्ठे येतात. प्रत्येक पृष्ठ १२ × १२ = १४४ चौरस मिमी असल्याने एकूण क्षेत्र २,३०४ चौरस मिमी होते. म्हणजे क्षेत्र जवळजवळ दुप्पट होते आणि ते सर्व चांगली पकड घेणाऱ्या प्रकारचे असते.

पेटीच्या चारही बाजूंचे तंतू पेटीभोवती एकाच दिशेने फिरतात. त्यामुळे पावसाळ्यात हवेतील दमटपणाने फळ्या रुंदीत फुगल्या, तरी चारही फळ्या सारख्याच प्रमाणात फुगतात आणि सांध्यावर विशेष ताण येत नाही.

कार्यतत्त्व

जिगमध्ये एक खुंटी असते. तिची रुंदी पात्याने पाडलेल्या खाचेइतकीच असते. खुंटी आणि पाते यांच्यातील मोकळे अंतरही तेवढेच ठेवलेले असते. फळीची कड खुंटीला टेकवून पहिली खाच पाडतात. मग फळी उचलून ती खाच खुंटीवर बसवतात आणि दुसरी खाच पाडतात. अशा रीतीने प्रत्येक खाच पुढच्या खाचेची जागा ठरवते. पट्टी वा पेन्सिल यांची गरज उरत नाही.

या रचनेत दोन मापे महत्त्वाची आहेत. खाचेची रुंदी पात्यावर अवलंबून असते आणि ती बदलत नाही. बोटाची रुंदी मात्र खुंटी व पाते यांच्यातील अंतराइतकी होते आणि तेच अंतर कारागिराच्या हातात असते. बोट खाचेपेक्षा रुंद झाले तर सांधा बसत नाही. अरुंद झाले तर फट राहते. सरसासाठी साधारण ०.०५ ते ०.१ मिमी इतका सैलपणा पुरेसा असतो.

नियमित चूक आणि आकस्मिक चूक यांत येथे फरक करावा लागतो. खुंटीचे अंतर ०.१ मिमीने जास्त ठेवले गेले, तर दोन्ही फळ्यांवर प्रत्येक टप्प्यात तेवढीच वाढ होते. आठ टप्प्यांनंतर खाच मूळ जागेपासून ०.८ मिमी सरकलेली असते, परंतु समोरच्या फळीवरील बोटही तेवढेच सरकलेले असल्याने दोन्हींची जुळणी मोडत नाही. सांधा फक्त सर्वत्र सारखाच घट्ट होतो. याउलट एखाद्या वेळी खुंटीखाली भुसा अडकला आणि एका फळीची एकच खाच ०.२ मिमीने सरकली, तर तिच्यापुढच्या सर्व खाचा तेवढ्याच सरकतात आणि दुसऱ्या फळीशी त्यांचा मेळ बसत नाही. पहिली चूक जिग सरकवून दुरुस्त होते. दुसरीमुळे फळी वाया जाते.

घटक आणि साहित्य

तळफळी: ९ ते १२ मिमी जाडीचे सपाट प्लायवूड. प्लायवूडच्या थरांचे तंतू एकमेकांना आडवे असल्याने ते दमट हवेत आकार फारसा बदलत नाही.

मार्गपट्ट्या: मेजाच्या दोन्ही खोबणींत सरकणाऱ्या कठीण लाकडाच्या, प्लॅस्टिकच्या किंवा धातूच्या पट्ट्या. त्या सहज सरकाव्यात, पण आडव्या हलू नयेत.

आधारफळी: तळफळीवर काटकोनात उभी केलेली जाड फळी. उभ्या धरलेल्या कामाला टेकू मिळावा म्हणून तिची उंची १०० ते १५० मिमी ठेवतात.

सरकती फळी: आधारफळीच्या पुढे बोल्टने बसवलेली फळी. बोल्टची छिद्रे आडवी लांबट असल्याने ती डावी-उजवीकडे सरकवता येते. खुंटी हिच्यावर असते. खाचा झिजून रुंद झाल्या की ही फळी बदलता येते.

खुंटी: शिसव, सागवान, मेपल यांसारख्या टणक लाकडाची किंवा धातूची पट्टी.

सुरक्षा-ठोकळा: आधारफळीच्या मागे, पाते जेथून बाहेर येते तेथे बसवलेला जाड लाकडी ठोकळा.

पात्याची निवड

टेबल सॉच्या नेहमीच्या पात्याने सुमारे ३ मिमी रुंदीची खाच पडते. पातळ पात्याने ती सुमारे २.४ मिमी असते. याहून रुंद बोटांसाठी अनेक पाती व चकत्या एकत्र बसवलेला डॅडो संच वापरतात. खास बोटसांध्यासाठी बनवलेले दोन पात्यांचे संचही मिळतात. त्यांची जोडणी उलटी केली की वेगळ्या रुंदीची खाच पडते. अनेक यंत्रांचा पाते बसवण्याचा दांडा असा संच सामावून घेण्याइतका लांब नसतो. अशा यंत्रावर संच बसवणे धोकादायक असल्याने यंत्राची माहितीपुस्तिका आधी पाहणे आवश्यक ठरते.

दात्यांच्या आकाराचाही परिणाम होतो. ज्या पात्याचे दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे तिरके घासलेले असतात, त्याने खाचेचा तळ सपाट येत नाही. दोन्ही कोपऱ्यांत बारीक टोकदार चिरा राहतात आणि त्या पेटीच्या बाहेरून दिसतात. सपाट माथ्याच्या दात्यांचे पाते वापरल्यास तळ स्वच्छ येतो.

बांधणी

बांधणीचा क्रम पुढीलप्रमाणे असतो. पात्याजवळ हात न्यावा लागेल अशा प्रत्येक टप्प्यावर यंत्राची वीजजोडणी काढून ठेवतात.

१. मार्गपट्ट्या रंध्याने घासून खोबणींच्या मापाच्या करतात. त्या खोबणींत ठेवून वरून तळफळी सरस व स्क्रूने जोडतात. सरस सुकल्यावर पट्ट्यांना मेण लावतात.

२. आधारफळी तळफळीवर बसवतात. ती तळफळीशी आणि पात्याच्या प्रतलाशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्याने तपासतात. ती तळफळीवर कललेली असेल तर खाचेचा तळ उतरता येतो. पात्याशी तिरकी असेल तर खाच फळीच्या जाडीतून तिरपी जाते आणि सांधा काटकोनात बसत नाही.

३. सरकती फळी बोल्टने कसून पात्याने तिच्यात पहिली खाच पाडतात.

४. खुंटीसाठी सुमारे ३०० मिमी लांबीची पट्टी रंधून या खाचेच्या नेमक्या मापाची करतात. ती हाताने दाबून बसावी आणि आपोआप निसटू नये, इतकी घट्ट हवी. तिचे तुकडे पाडून एक तुकडा खाचेत सरसाने बसवतात. तो सुमारे ४० मिमी पुढे आलेला असतो. दुसरा तुकडा मापक म्हणून जपून ठेवतात. कापायच्या खाचेच्या खोलीपेक्षा खुंटीची उंची किंचित कमी ठेवतात, म्हणजे फळी खुंटीवर न टेकता तळफळीवर टेकते.

५. सरकती फळी बाजूला सरकवून बसवलेली खुंटी आणि पात्याचा तिच्याकडील दाता यांच्यामध्ये मापक तुकडा धरतात. तो दोन्हींना हलका स्पर्श करील अशा स्थितीत बोल्ट कसतात. मापक काढून घेतल्यावर यंत्र सुरू करून सरकत्या फळीत दुसरी खाच पाडतात. प्रत्यक्ष काम या खाचेतून होते.

६. शेवटी आधारफळीच्या मागे सुरक्षा-ठोकळा बसवतात.

चाचणी आणि जुळवणी

जिग तयार झाल्यावर मूळ कामाच्या जाडीच्या टाकाऊ फळ्यांवर चाचणी घेतात. पात्याची उंची तळफळीची जाडी अधिक कामाच्या फळीची जाडी इतकी ठेवून तीत सुमारे अर्धा मिमी वाढवतात. मग बोटे जोडणीनंतर किंचित बाहेर राहतात आणि घासून समपातळीत आणता येतात.

चाचणीच्या बोटाची व खाचेची रुंदी व्हर्निअर कॅलिपरने मोजतात. समजा खाच ६.० मिमी आणि बोट ६.२ मिमी भरले. ०.१ मिमी सैलपणा हवा असेल तर बोट ५.९ मिमी व्हायला हवे, म्हणून खुंटी पात्याकडे ०.३ मिमी सरकवतात. बोटाची रुंदी म्हणजेच हे अंतर असल्यामुळे दुरुस्तीही पूर्ण फरकाइतकीच करतात. तिचे निम्मे करायचे नसते. सांधा सैल असेल तर खुंटी पात्यापासून दूर नेतात.

इतकी सूक्ष्म हालचाल हाताने ठोकून साधणे कठीण जाते. त्यासाठी सरकत्या फळीच्या टोकाशी एक स्क्रू लावण्याची युक्ती वापरतात. सहा मिमी व्यासाच्या प्रमाणित मेट्रिक बोल्टच्या आट्यांमधील अंतर १ मिमी असते. म्हणून तो पाव वळसा फिरवला की फळी ०.२५ मिमी आणि दशांश वळसा फिरवला की ०.१ मिमी सरकते.

दोन्ही टाकाऊ फळ्या हाताच्या दाबाने एकमेकींत बसल्या म्हणजे जुळवणी पूर्ण झाली. हातोडीने ठोकावे लागत असेल तर सांधा फार घट्ट आहे. पीव्हीए प्रकारच्या पांढऱ्या सरसात पाणी असते, त्याने तंतू फुगतात आणि कोरडा असताना जेमतेम बसणारा सांधा सरस लावल्यावर अडकतो.

खाचा पाडण्याची पद्धत

चारही फळ्यांची एक कड ‘मूळ कड’ म्हणून खुणेने ठरवून घेतात. सामान्यतः पेटीची खालची कड निवडतात. प्रत्येक टोक कापताना हीच कड खुंटीकडे असते.

पहिली फळी टोकावर उभी करून तिची मूळ कड खुंटीला टेकवतात आणि जिग पुढे ढकलून खाच पाडतात. जिग मागे आणून, खाच खुंटीवर बसवून पुढची खाच पाडतात. फळी संपेपर्यंत हा क्रम चालतो. या फळीची सुरुवात बोटाने होते.

तिला जोडायच्या फळीची सुरुवात खाचेने व्हावी लागते. त्यासाठी पहिली फळी पुस्तकाचे पान उलटावे तशी उलटून तिची पहिली खाच खुंटीवर बसवतात. आता तिचे पहिले बोट खुंटी व पाते यांमधील जागा नेमकी भरून काढते. दुसऱ्या फळीची मूळ कड तिला भिडवून पहिला छेद घेतला की कडेलाच खाच पडते. मग पहिली फळी काढून घेऊन ही खाच खुंटीला लावतात आणि नेहमीच्या क्रमाने पुढे जातात.

फळीचे दुसरे टोक कापताना मूळ कड खुंटीकडेच ठेवायची असल्याने फळीची बाजू बदलते. एका टोकाला दर्शनी बाजू आधारफळीला टेकलेली असते, तर दुसऱ्या टोकाला ती पात्याकडे येते. पाते बाहेर पडते त्या बाजूचे तंतू उचकटण्याची शक्यता जास्त असते आणि त्या बाजूला आधारफळीचा टेकू मिळतो. तो टेकू पक्का राहावा म्हणून सरकत्या फळीतील खाच ताजी, न झिजलेली असावी लागते.

फळीच्या दोन्ही कडांना पूर्ण बोट किंवा पूर्ण खाच यावी यासाठी फळीची रुंदी बोटाच्या रुंदीच्या पटीत घेतात. दुसरा मार्ग म्हणजे फळी थोडी रुंद ठेवून खाचा पाडल्यावर मूळ कडेच्या विरुद्ध बाजूने जादा भाग कापून टाकणे. बोटाची रुंदी सामान्यतः फळीच्या जाडीच्या निम्म्यापासून जाडीइतकी ठेवली जाते.

सामान्य दोष व कारणे

सर्व बोटे सारखीच घट्ट किंवा सैल असणे: खुंटी व पाते यांतील अंतर चुकले आहे.

सांधा एका कडेशी बसणे आणि पुढे पुढे न जुळणे: खुंटी सैल आहे, मार्गपट्ट्या खोबणीत आडव्या हलत आहेत किंवा खुंटीपाशी भुसा साचला आहे.

खाचांची खोली कमी-जास्त होणे: फळी तळफळीवर पूर्ण टेकलेली नाही, किंवा ती वाकलेली आहे.

जोडलेली पेटी पिळवटलेली असणे: आधारफळी काटकोनात नाही, किंवा फळ्यांची टोके आधीच काटकोनात कापलेली नव्हती.

सुरक्षितता

टेबल सॉ हे कार्यशाळेतील सर्वांत धोकादायक यंत्रांपैकी एक आहे. बोटसांध्याचे काम करताना पात्यावरचे नेहमीचे झाकण काढावे लागते, त्यामुळे अपघाताचा संभव वाढतो. शिवाय प्रत्येक छेदाच्या शेवटी पाते आधारफळीतून मागे, कारागिराच्या बाजूला बाहेर येते. जिग ढकलणारा अंगठा नेमका तेथे असू शकतो. सुरक्षा-ठोकळा पात्याचा हा भाग आपल्या आत घेतो. दिसायला किरकोळ असलेला हा घटक म्हणूनच वगळता येत नाही. ठोकळा पात्याच्या रांगेत असल्याचे रंगाने दाखवण्याची आणि जिग त्यापलीकडे जाऊ नये म्हणून मेजावर अडसर लावण्याची पद्धत आहे.

पात्यामागे उभी असणारी दुभाजक पट्टी पात्याच्या माथ्याखाली ठेवता येत असेल तर ती काढत नाहीत. दोन्ही हात पात्याच्या रेषेपासून दूर ठेवतात आणि शक्यतो फळी क्लॅम्पने सरकत्या फळीला कसतात. अरुंद फळ्या हाताने धरणे टाळतात. जिग मागे आणताना फळी सैल सोडत नाहीत, कारण फिरत्या पात्याला लागून ती उडू शकते. हातमोजे आणि सैल बाह्या पात्यात ओढल्या जाऊ शकतात, म्हणून त्या वर्ज्य आहेत. चष्मा, कानांचे संरक्षण आणि बारीक भुशापासून बचाव करणारा मास्क वापरणे इष्ट असते.

प्रकार

सर्वांत साधा प्रकार मायटर गेजला खुंटी असलेली फळी जोडून बनवतात. त्यात तळफळी नसते. काम थेट लोखंडी मेजावर टेकते. वर वर्णिलेला दोन मार्गपट्ट्यांचा प्रकार अधिक स्थिर असतो. खुंटीऐवजी आटे पाडलेली सळई वापरून फळी ठरावीक अंतराने सरकवणारे जिगही आहेत. कॅनडातील अभियंता मॅथियस वँडेल यांचा लाकडी दंतचक्रांवर चालणारा असा जिग प्रसिद्ध आहे. त्यात प्रत्येक खाच आधीच्या खाचेवरून न ठरता सळईच्या वळशांवरून ठरते. त्यामुळे एका खाचेतील आकस्मिक चूक पुढे वाहून नेली जात नाही. बोटांची रुंदीही दंतचक्रे व वळसे बदलून पाहिजे तशी ठेवता येते. मात्र त्याची बांधणी बरीच गुंतागुंतीची आहे.

मर्यादा

एक खुंटी एकाच रुंदीच्या पात्यासाठी उपयोगी पडते. पाते बदलले, किंवा त्याला धार लावल्यावर दात्यांची रुंदी थोडी घटली, तरी जुळवणी पुन्हा करावी लागते. लांब फळ्या मेजावर उभ्या धरणे अवघड व असुरक्षित असल्याने हा जिग मोठ्या फर्निचरपेक्षा पेट्या व खण यांच्यासाठी योग्य ठरतो. बोटे सरळ असल्याने सांध्याची पकड सर्वस्वी सरसावर अवलंबून असते. डव्हटेलप्रमाणे केवळ आकारामुळे तो ओढीला अडून राहत नाही. बोटांची संख्या मोठी असेल तर सर्व पृष्ठांना सरस लावेपर्यंत सुरुवातीचा सरस सुकू लागतो. उष्ण व कोरड्या हवेत ही अडचण अधिक जाणवते. म्हणून सरस लावण्यापूर्वी चारही फळ्या एकदा कोरड्या जोडून पाहतात आणि क्लॅम्प आधीच मापात उघडून ठेवतात.